मत, कागद आणि जामीन : पूर्व खानदेशातील मतस्वातंत्र्याचा एक मागोवा

मराठीत 'मत' हा एकच शब्द तीन निरनिराळ्या व्यवहारांत राबताना दिसतो. एखाद्या गोष्टीविषयी मनुष्य जे मानतो ते त्याचे मत. शाक्त, वैष्णव, महानुभाव अशा पंथांचे जे प्रतिपाद्य तेही मत. आणि निवडणुकीच्या दिवशी मतदार जे देऊन येतो तेही मतच. संस्कृत 'मन्' धातूपासून झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'मानलेले' एवढाच आहे. इंग्रजीने या तीन अर्थांसाठी तीन वेगळे शब्द ठेवले; मराठीने ते एकाच घरात नांदविले. त्यामुळे मराठी समाजातील मतस्वातंत्र्याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास राजकीय मत, धार्मिक मत आणि व्यक्तिगत मत यांची दालने परस्परांपासून तोडून चालत नाही.

या शब्दाच्या शेजारी दुसरी एक शब्दमालिका ठेवून पाहिली म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मत जाहीर करण्यास व दडपण्यास लागणारे जवळजवळ सर्व जुने शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आहेत. कागद, शाई, जाहीर, अर्ज, तक्रार, हरकत, जप्ती, कैद, जामीन हे ते शब्द होत. मनात असते तोवर ते संस्कृत 'मत'. कचेरीच्या उंबरठ्याशी येताच त्याला फारसी परिभाषेचा वेढा पडतो. हा केवळ शब्दांचा योगायोग नव्हे. मनातल्या मताला राज्यसत्ता सहसा हात घालू शकत नाही. ती हात घालते तो मताच्या साधनांना. म्हणून मतस्वातंत्र्याचा इतिहास हा बव्हंशी कागदाचा, छापखान्याचा, टपालाचा आणि भाषेचा इतिहास होय. पूर्व खानदेशातील एरंडोल आणि त्याच्या आसपासचा मुलूख हे पाहण्यास विशेष सोयीचा आहे. कारण येथे मते मांडली गेली त्याच्या पुष्कळ आधीपासून ती मांडण्याचा कागद तयार होत होता.

१. एरंडोलचा कागद

अंजनी नदीच्या काठी वसलेले एरंडोल हे जळगावच्या पश्चिमेस, धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील जुने गाव आहे. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरकारांनी येथील ज्या व्यवसायाची मुद्दाम नोंद केली तो म्हणजे जाड्याभरड्या देशी कागदाचा. एके काळी या कागदासाठी गाव प्रसिद्ध होते आणि एकोणिसावे शतक संपत आले तरी हा धंदा काही अंशी टिकून होता, असे त्या नोंदींवरून दिसते.

दख्खनेत जुन्नर, दौलताबादजवळचे कागदीपुरे आणि एरंडोल ही हातकागदाची परिचित ठिकाणे. हा व्यवसाय बहुतांशी मुसलमान कारागिरांच्या हाती होता आणि त्यांना 'कागदी' म्हणत. तागाची जुनी पोती, दोरखंड, चिंध्या व रद्दी चुन्याच्या पाण्यात कुजवावयाची, कुटावयाची, पुन्हा धुवावयाची. तो लगदा हौदात कालवून गवताच्या काड्यांच्या चाळणीवर पातळ थर उचलावयाचा. ओले ताव भिंतीवर चिकटवून वाळवावयाचे. नंतर खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटावयाचे. शाई फुटू नये आणि बोरू अडखळू नये, याकरिता शेवटची ही घोटाई महत्त्वाची असे. अशा कागदावर कुलकर्ण्यांची दप्तरे, सावकारांच्या वह्या, महजर आणि निवाडे मोडी लिपीत उतरले. कारागीर तयार करी तो कागद, आणि त्यावर लिहिणारा असे दुसराच. आपल्याच कागदावर आपले मत नोंदविण्याचा प्रसंग कागद्यावर क्वचितच येत असेल. आला तरी तो खतावर साक्ष घालण्यापुरता.

या धंद्याच्या ऱ्हासाची कारणे दोन प्रकारची आहेत. एक यंत्राचे. गिरणीचा कागद स्वस्त, एकसारखा व हवा तितका मिळणारा होता. दुसरे कारण राज्यधोरणाचे. सर चार्ल्स वुड हे १८५९ ते १८६६ या काळात भारतमंत्री असताना सरकारी कचेऱ्यांना लागणारा कागद इंग्लंडातून खरेदी करण्याचे धोरण आले. देशी हातकागदाचे सर्वात मोठे गिऱ्हाईक त्यामुळे नाहीसे झाले. त्याच सुमारास खानदेशात रेल्वे आली. ती चाळीसगाव, पाचोरे, जळगाव अशी गेली. एरंडोल बाजूस राहिले आणि कापसाचा व धान्याचा व्यापार जळगावच्या पेठेकडे ओढला गेला.

परंतु येथे एका सोप्या निष्कर्षापासून सावध राहणे अगत्याचे आहे. यंत्राने एरंडोलचा कागदी बसविला हे खरे. पण त्याच यंत्राने मराठी वृत्तपत्र शक्य केले, हेही तितकेच खरे. घोटलेल्या कागदाच्या एकेका तावाच्या किमतीत आठवड्याचे पत्र शेतकऱ्याच्या ओसरीपर्यंत पोहोचले नसते. मोडीतील दप्तर ठरावीक मंडळींना वाचता येई. बाळबोध टंकात छापलेले पत्र शाळेत चार वर्षे गेलेल्या कोणासही वाचता येऊ लागले. एका हाताची उपजीविका गेली आणि दुसऱ्या हाताला मत मांडण्याचे साधन मिळाले. यंत्रासंबंधीच्या पुढील सर्व वादांच्या मुळाशी ही दुहेरी घटना आहे.

२. छापखाना आणि जामीन

बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. १८३५ मध्ये मेटकाफच्या कायद्याने छापखान्यांवरील परवान्याचे बंधन उठविले. 'प्रभाकर' पत्रातून १८४८ पासून लोकहितवादींची 'शतपत्रे' येऊ लागली आणि राज्य, धर्म, जाती व विद्या यांविषयी एका व्यक्तीने स्वतःच्या विचाराने बनविलेली मते आठवड्यामागून आठवडा छापली जाण्याचा प्रघात मराठीत पडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रघात जिल्ह्यांपर्यंत आला. धुळ्याचे 'खानदेश वैभव' आणि जळगावचे 'प्रबोधचंद्रिका' ही पत्रे त्याची साक्ष देतात.

या पत्रांचा एक वाचक असा होता की जो वर्गणीदार नव्हता. मुंबई सरकारचा भाषांतरकार देशी पत्रांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्यास सरकारला सादर करीत असे. आज त्या काळातील अनेक पत्रांचे मूळ अंक दुर्मिळ झाले आहेत आणि संशोधकास त्या गोषवाऱ्यांवर विसंबावे लागते. म्हणजे ज्या व्यवस्थेने मतांवर पाळत ठेवली, तिच्याच दप्तरात ती मते टिकून राहिली. तीही परभाषेत आणि परक्याने निवडलेल्या अंशापुरती. भाषेच्या अभ्यासकाने या साधनाचा उपयोग करताना हे विसरता कामा नये. मूळ मराठी वाक्यातील उपरोध, म्हण, आर्जव यांपैकी भाषांतरात काय गळाले याचा अंदाज घेतल्यावाचून त्या मताचे मोल ठरविणे धोक्याचे आहे.

१८७८ च्या देशी भाषा वृत्तपत्र कायद्याने भाषेवरून भेद केला. इंग्रजी पत्रे मोकळी राहिली. देशी भाषेतील पत्राच्या मुद्रक-प्रकाशकाकडून मात्र मुचलका व अनामत घेण्याचा अधिकार जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटास मिळाला आणि त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय ठेवली नाही. मत तेच, ते कोणत्या भाषेत मांडले यावर अपराध ठरावा, अशी ही योजना होती. १८८२ मध्ये रिपनच्या कारकिर्दीत तो कायदा रद्द झाला; पण १८७० मध्येच दंडसंहितेत दाखल झालेले १२४-अ हे राजद्रोहाचे कलम कायम राहिले. त्याच कलमाखाली टिळकांना १८९७ व १९०८ मध्ये शिक्षा झाल्या. १९१० च्या कायद्याने नव्या छापखान्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत जामीन घेण्याची तरतूद केली. हा कायदा १९२२ मध्ये गेला, आणि १९३१ च्या आणीबाणी अधिकारांच्या कायद्याने जामिनाची पद्धत पुन्हा आली.

'जामीन' हा शब्द येथे जरा थांबून पाहण्याजोगा आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत जामीन म्हणजे माणूस. दुसऱ्याच्या वर्तनाची हमी घेऊन उभा राहणारा शेजारी किंवा सोयरा. वृत्तपत्रांच्या कायद्यात तो रोख रक्कम झाला. शब्दाचा अर्थ माणसाकडून पैशाकडे सरकला आणि त्यासरशी मत बाळगण्याची किंमतही ठरली. मुंबई-पुण्याच्या मोठ्या पत्राला ही रक्कम उभी करता येई. तालुक्याच्या गावी हाताने चालणाऱ्या छापखान्याला ती म्हणजे टाळेच होते. शिक्षा अपराधानंतर होते. जामीन अपराधापूर्वीच वसूल होतो, हा त्यातील मुख्य दोष होय.

३. धुळे, अमळनेर, फैजपूर

पूर्व खानदेशापुरते या दोषाचे उदाहरण पांडुरंग सदाशिव साने यांच्या चरित्रात सापडते. कोकणातील पालगड येथे १८९९ मध्ये जन्मलेले साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात पडले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी ऐकता ऐकता उतरून घेतली. राजकीय मतासाठी कैदेत असलेल्या दोघांच्या हातून तेथे धर्मविषयक मताचा ग्रंथ तयार झाला. पुढे नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत 'श्यामची आई' लिहिली गेली. १९३५ च्या 'पत्री' या काव्यसंग्रहाच्या प्रती मात्र सरकारने जप्त केल्या.

डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. नंदलाल बोस यांनी बांबू आदी स्थानिक साहित्यातून त्याची सजावट केली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबईत 'इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन' ही संस्था स्थापन झाली होती. रवींद्रनाथ ठाकूर तिचे मानद अध्यक्ष आणि सरोजिनी नायडू कार्याध्यक्ष होत्या. ज्यांच्या प्रेरणेने ती निघाली ते जवाहरलाल नेहरूच फैजपूरला अध्यक्ष होते. 'नागरिक' या शब्दाचा जुना अर्थ नगरात राहणारा, चतुर, असा आहे. नागरिक स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता शेतकऱ्यांच्या समुदायापुढे, नगरापासून दूर, बोलावयास उभा राहिला, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ पालटत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

फैजपूरच्या त्या मांडवात यंत्राविषयीची परस्परविरोधी मतेही एकत्र आली. गांधीजींनी १९३४ च्या डिसेंबरात ग्रामोद्योग संघ उभा केला होता आणि हातकागद हा त्या संघाने हाती घेतलेल्या उद्योगांपैकी एक होता. फैजपूरचे खादी-ग्रामोद्योग प्रदर्शन हा त्याच कार्याचा भाग. नेहरूंचा ओढा मोठ्या उद्योगांकडे व समाजवादी नियोजनाकडे होता. नोव्हेंबरातच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉयही तेथे आले होते. त्यांची दृष्टी दोघांहून निराळी. कागद्याचा धंदा पुन्हा उभा करावा की कागद्याच्या मुलाला गिरणीत मानाने काम मिळावे, असा हा प्रश्न होता. तो फैजपूरला सुटला नाही. परंतु यंत्राविषयीचे मत हे केवळ कारागिरीचे नसून राजकारणाचे आहे, हे खानदेशच्या शेतकऱ्यासमोर उघडपणे मांडले गेले.

१९३८ मध्ये साने गुरुजींनी अमळनेर येथून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक चालविले. शेतसारा, गिरणी कामगार, हिंदु-मुसलमान ऐक्य, अस्पृश्यता हे त्याचे विषय. युद्ध सुरू झाल्यावर सरकारने जामीन मागितला आणि ते पत्र थांबले. त्याच्यावर खटला भरून, साक्षी-पुरावे घेऊन एखादे वाक्य अपराधी ठरविण्याची गरज पडली नाही. रकमेचा आकडा पुरेसा झाला.

४. धर्ममत आणि दार

धर्ममताच्या बाबतीत साधन म्हणजे पुष्कळदा एक दार असते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून उपोषण आरंभिले. १० मे रोजी ते सुटले आणि मंदिर खुले झाले. या प्रसंगी राज्यसत्ता आणि मत यांचा सामना नव्हता. एका धर्ममताचा सामना त्याच धर्मातील दुसऱ्या मताशी होता, आणि पहिल्या बाजूने दुसऱ्यास कायद्याने बांधण्याआधी त्याच्या मनाला हाक दिली, हे त्या उपोषणाचे वैशिष्ट्य. उपोषण हे दडपण नव्हे काय, ही शंका तेव्हाही घेतली गेली आणि ती निराधार म्हणता येणार नाही. परंतु ज्यांना दाराबाहेर शतकानुशतके उभे केले होते, त्यांच्यावरील दडपण या हिशेबात धरल्यावाचून ती शंका पूर्णपणे मांडली जात नाही.

एरंडोल गावातही असे एक दार आहे. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, अशी स्थानिक परंपरा असून गावातील पुरातन वास्तूस 'पांडववाडा' म्हणतात. त्याच वास्तूत जुम्मा मशीद आहे. जुलै २०२३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेखाली तेथील प्रवेशावर निर्बंध घालणारा अंतरिम आदेश काढला आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यास स्थगिती दिली. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किल्ल्या नगरपरिषदेकडे राहाव्यात आणि नमाजासाठी दार उघडले जावे, अशी व्यवस्था लावून दिली. वास्तूचे मूळ काय, हा पुरातत्त्वाचा प्रश्न आहे. तेथे आज प्रार्थना करणाऱ्याचा हक्क काय, हा नागरिक स्वातंत्र्याचा. परंपरेला परंपरा म्हणून नोंदविणे आणि पुराव्याला पुरावा म्हणून तपासणे, ही शिस्त पाळली तर दोन्ही प्रश्नांना न्याय मिळतो; एकाचे उत्तर दुसऱ्याच्या माथी मारले तर दोन्हींवर अन्याय होतो.

५. कागदाविना मत

आतापर्यंतची सर्व चर्चा लिहिणाऱ्यांची झाली. खानदेशातील बहुसंख्य लोकांचे मत मात्र कागदापर्यंत आलेच नाही, आणि त्याचे कारण निव्वळ निरक्षरता एवढेच नव्हे. घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलणाऱ्या माणसाला छापील पत्रात मत मांडावयाचे तर आधी पुणेरी वळणाच्या मराठीत भाषांतर करावे लागे. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीने १९०७ मध्ये खानदेशीचा समावेश मराठीच्या खंडात न करता भिल्ल भाषांबरोबरच्या खंडात केला. त्या वर्गीकरणावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. पण जी भाषा कोणत्या घरची याविषयीच पंडितांत एकमत नव्हते, तिच्यात संपादकीय लिहिले जाणे कठीण होते, हे उघड आहे. 'देशी भाषेतील' म्हणून ज्या पत्रांवर १८७८ चा कायदा चालला, त्या पत्रांतही या देशी बोलींना जागा नव्हती.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८८० ते १९५१ हा त्यांचा काळ. त्यांना लिहिता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर सुचलेली कविता मुलाने व नातलगाने ऐकून टिपली आणि मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. देव, संसार, मनुष्याची कृतघ्नता यांविषयी त्यांची मते ठाम आहेत. छापखान्याविषयीही त्यांनी रचना केली, आणि छापून निघालेला कोरा कागद माणसापेक्षा शहाणा ठरावा, याचे आश्चर्य व उपहास तीत एकत्र आला आहे. कागदाच्या मुलखात राहून कागदाबाहेर राहिलेल्या स्त्रीचे यंत्राविषयीचे हे मत, फैजपूरच्या व्यासपीठावरील मतांच्या पंक्तीस बसवावे इतके मोलाचे आहे.

बहिणाबाईंच्या पुस्तकाच्या आगेमागेच, १९५१-५२ मध्ये, प्रौढ मतदानाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. अक्षर न येणाऱ्यासाठी पेट्यांवर चिन्हे होती. ज्या समाजाचे 'मत' या शब्दाच्या पहिल्या अर्थाने कोणी विचारले नव्हते, त्याचे मत तिसऱ्या अर्थाने एकाएकी मोजले जाऊ लागले. या दोन अर्थांतील अंतर अद्याप पुरते मिटलेले नाही. मोजलेले मत म्हणजे ऐकलेले मत नव्हे.

६. स्वातंत्र्यानंतर

राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने भाषण व मतप्रदर्शन यांचे स्वातंत्र्य मूलभूत हक्क म्हणून दिले. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉसरोड्स' या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये रद्द केली. आणि १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने निर्बंधांची कारणे वाढविली. त्याच वर्षी आलेल्या वृत्तपत्रविषयक कायद्यात जामिनाची कल्पना पुन्हा दिसली. तो १९५६ मध्ये संपला. जून १९७५ ते मार्च १९७७ च्या आणीबाणीत पूर्वपरीक्षण आले. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेल्या 'साधना' साप्ताहिकासही त्या काळात सरकारी कारवाईस तोंड द्यावे लागले. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली. पुढील वर्षी त्यांना अटक झाली. परकी सत्ता गेली म्हणजे प्रश्न संपतो, या समजुतीस तो काळ पुरेसे उत्तर आहे.

साधन पुढेही बदलले. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे दोन तरुणींना फेसबुकवरील एका मजकुरावरून अटक झाली. एकीने मुंबईतील बंदविषयी मत लिहिले होते, दुसरीने ते पसंत केले होते. त्यानंतर उभ्या राहिलेल्या दाव्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम घटनाबाह्य ठरविले. १२४-अ हे कलम मे २०२२ मध्ये न्यायालयाने स्थगित केले. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि देशाचे सार्वभौमत्व व ऐक्य धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयीचे १५२ वे कलम अमलात आले. त्याच्या शब्दयोजनेची व्याप्ती न्यायालयांना ठरवावी लागणार आहे.

पालघरच्या प्रसंगात कागद नव्हता, छापखाना नव्हता, जामिनाची आगाऊ रक्कम नव्हती. मत मांडण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला होता. मत मांडल्याचा खर्च मात्र तसाच राहिला होता. पूर्वी तालुक्याचा छापखाना मालकाच्या ऐपतीवर अडत असे, आता कोणीही एकटा माणूस मध्यस्थावाचून थेट पोलीस ठाण्यासमोर उभा राहतो. त्याच्या पाठीशी संपादक नाही, पत्र नाही, वर्गणीदार नाहीत. अशा वेळी 'जामीन' या शब्दाचा जुना अर्थ पुन्हा उपयोगी पडतो: दुसऱ्याच्या मताशी सहमत नसतानाही ते मांडण्याच्या त्याच्या हक्काची हमी घेऊन उभा राहणारा शेजारी. कायद्यातील कलमे ही हमी लिहून देतात. ती निभावणारा माणूस मिळाला नाही तर तो लेख, एरंडोलच्या कागदावर लिहिलेला असो वा पडद्यावर, दप्तरातच पडून राहतो.